रंगीबेरंगी ॲमट्रॅक: सरमिसळ गाडीचं मॉडेल कसं जुळवाल?

अमेरिकन रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांना ॲमट्रॅकची पहिली पाच-सहा वर्षं फार आवडतात, आणि त्यामागचं एक कारण जरा आळशी आहे. पिवळा डबा, त्याला लागून हिरवा, मग चंदेरी, मग चॉकलेटी-नारिंगी. हाताला लागेल ते जोडायचं आणि ‘रेनबो एरा’ म्हणून रुळावर सोडायचं. कुणी हरकत घेतली तर उत्तर तयारच असतं, ‘तेव्हा काहीही धावायचं!’ तसं नव्हतं. सरमिसळ होती, भरपूर होती. पण कुठला डबा कुठल्या गाडीत, कुठल्या वर्षी आणि कुठल्या इंजिनामागे दिसेल याला कारणं होती. ती समजून घेतली तर सात डब्यांची गाडीसुद्धा पटते. नाही घेतली तर वीस डबे जोडूनही दुकानातलं शोकेसच वाटतं.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या खासगी रेल्वे कंपन्या प्रवासी गाड्यांपायी तोटा सोसत होत्या आणि त्या बंद करायला बघत होत्या. ३० ऑक्टोबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली, आणि १ मे १९७१ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या महामंडळाकडे आल्या. ते महामंडळ म्हणजे ॲमट्रॅक. सुरुवातीला वीस कंपन्या सामील झाल्या. सरकारने हातात ठेवले चार कोटी डॉलर आणि दहा कोटींच्या कर्जाची हमी. एवढ्यात देशभराची नवी गाडी काय घेणार? मग कंपन्यांकडच्या सुमारे तीन हजार डब्यांतून त्यातल्या त्यात बरे असे बाराशेच्या आसपास निवडून घेतले. सामील होणाऱ्या कंपनीला प्रवेशशुल्कही भरायचं होतं, ते रोख किंवा चक्क डब्यांच्या रूपातही भरता येत होतं. लग्नाच्या मांडवात गल्लीतल्या घराघरांतून खुर्च्या गोळा कराव्यात तशी ही गाडी जमली. फरक एवढाच की या खुर्च्या परत द्यायच्या नव्हत्या.

निवडताना ॲमट्रॅकने कल ठेवला तो स्टेनलेस स्टीलच्या डब्यांकडे, विशेषतः फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने बांधलेल्या. बडच्या डब्याची अख्खी काया स्टेनलेसची, त्यामुळे गंजाची कटकट कमी. पुलमन-स्टँडर्डच्या बऱ्याच डब्यांत आत साधं पोलाद आणि वरून स्टेनलेसचे पन्हळी पत्रे होते. पत्र्यामागे पाणी साचून आतलं पोलाद सडायचं. मॉडेल करणाऱ्याला या निवडीचा अर्थ सरळ आहे: रेनबो गाडीचा मूळ रंग चंदेरी असतो. सात डबे घेणार असाल तर निम्म्याहून जास्त चंदेरी ठेवा आणि दोन, फार तर तीन रंगीत. उलट केलंत तर गाडी सर्कशीची दिसते. अपवाद आहे तो उत्तरेकडच्या गाड्यांचा, त्याच्याकडे पुढे येतो.

आता पहिला निर्णय, तारखेचा. ‘१९७१ ते ७७’ असं ढोबळ ठरवून भागत नाही, कारण या सहा वर्षांत गाडीचं रूप तीनदा बदललं.

१ मे १९७१ च्या सकाळी फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला आदल्या दिवशीच्या गाडीत आणि त्या दिवशीच्या गाडीत जवळपास काहीच फरक दिसला नसता. डबे त्याच कंपनीचे, इंजिन त्याच कंपनीचं, कर्मचारीसुद्धा तेच. म्हणजे पहिले काही महिने रेनबो असा नव्हताच. ज्यांना सरमिसळ नकोय, एकाच कंपनीची नेटकी गाडी आवडते, त्यांनी हाच काळ धरावा आणि फलाटावर ॲमट्रॅकचं एखादं पोस्टर चिकटवून मोकळं व्हावं. मॉडेल बनवणाऱ्या वॉल्थर्सने एचओ मापात आणि काटोने त्याहून लहान अशा एन स्केलमध्ये काढलेले ‘सुपर चीफ’सारखे नामांकित गाड्यांचे संच इथे जवळजवळ जसेच्या तसे चालून जातात.

खरी घुसळण झाली ती डबे देशभर फिरायला लागल्यावर, ढोबळमानाने १९७२ ते १९७४. एका कोपऱ्यातला डबा दुरुस्तीला गेला की त्याच्या जागी दुसऱ्या कोपऱ्यातला यायचा. याच काळात नवा रंगही दिसायला लागला: चंदेरी डबा, खिडक्यांच्या पट्ट्यात लाल आणि निळा, आणि टोकाला बोधचिन्हातला तो प्रसिद्ध टोक नसलेला बाण. मॉडेलवाले याला फेज वन म्हणतात. ई-८ आणि ई-९ या डिझेल इंजिनांना करडं-चंदेरी अंग, काळं छत आणि लाल नाक मिळालं. १९७३ मध्ये ॲमट्रॅकची स्वतःची पहिली नवी डिझेलं आली, जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रोमोटिव्ह विभागाची एसडीपी-४०-एफ. ५०० ते ६४९ असे नंबर, एकूण दीडशे. यांत वाफेचे बॉयलर होते, कारण जुने डबे वाफेवर तापायचे. म्हणून १९७४ चा एसडीपी-४०-एफ आणि त्यामागे अकरा प्रकारचे जुने डबे ही जोडी शंभर टक्के बरोबर आहे. अथर्नने जेनेसिस मालिकेत हे इंजिन एचओमध्ये काढलंय.

तिसरा टप्पा १९७५ नंतरचा. बडचे नळकांड्यासारखे ॲमफ्लीट डबे त्या वर्षी धावायला लागले आणि मार्च १९७६ पासून एफ-४०-पीएच इंजिनं आली. ही दोन्ही विजेवर डबे गार-गरम करणारी. इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. एफ-४० हे इंजिन देखणं, स्वस्तात मिळतं, सगळ्यांकडे असतं. मग ते सरळ जुन्या वाफेच्या डब्यांपुढे जोडलं जातं. खऱ्या रुळांवर त्या डब्यांतले प्रवासी जानेवारीत कुडकुडले असते. नियम सोपा ठेवा: जुने डबे असतील तर ई-युनिट, एफ-७ किंवा एसडीपी-४०-एफ, एफ-४० असेल तर ॲमफ्लीट. जुने डबे विजेवर चालतील असे बदलून घ्यायला पुढची काही वर्षं गेली, आणि तोवर रेनबो ओसरला होता.

माझं मत विचाराल तर १९७३ चा उन्हाळा धरा. तीनही गोष्टी एकाच गाडीत शोभतात: मूळ कंपनीच्या रंगातला डबा, नुसतं जुनं नाव पुसून ‘ॲमट्रॅक’ लिहिलेला डबा, आणि नवाकोरा फेज वन.

दुसरा निर्णय जागेचा, आणि तो तारखेइतकाच महत्त्वाचा. सुरुवातीच्या वर्षांत गाडी ज्या कंपनीच्या रुळांवर असेल तिचं इंजिन बहुधा पुढे असायचं. सॅन फ्रान्सिस्को झेफर घ्या. ती शिकागोहून डेन्व्हरपर्यंत बर्लिंग्टन नॉर्दर्नच्या रुळांवर, तिथून ऑग्डेनपर्यंत युनियन पॅसिफिकच्या आणि पुढे ओकलंडपर्यंत सदर्न पॅसिफिकच्या. म्हणजे डबे तेच, पण नेब्रास्कात गाडीचं नाक हिरवं-पांढरं आणि वायोमिंगमध्ये पिवळं. तुम्ही कुठलं स्टेशन बांधताय हे ठरल्याशिवाय इंजिन विकत घेऊ नका. डबे आधी घेतले तरी बिघडत नाही.

डेन्व्हर युनियन स्टेशनचं नाव मुद्दाम घेतो, कारण छोट्या जागेत इतका मसाला दुसरीकडे क्वचित सापडेल. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न ही कंपनी ॲमट्रॅकमध्ये आलीच नाही. तिने आपली रिओ ग्रँड झेफर डेन्व्हरहून डोंगरांतून ऑग्डेनपर्यंत स्वतःच चालवली, ती एप्रिल १९८३ पर्यंत. तिचे डोम (छतावर काचेचा घुमट असलेले) डबे होते मूळ कॅलिफोर्निया झेफरचे, बडने १९४९ च्या त्या गाडीसाठी बांधलेले. त्या गाडीच्या डब्यांची नावं ‘सिल्व्हर’ने सुरू व्हायची; रिओ ग्रँडकडे सिल्व्हर ब्राँको, सिल्व्हर कोल्ट, सिल्व्हर मस्टँग, सिल्व्हर पोनी. त्याच गाडीतले बर्लिंग्टनच्या वाट्याचे सख्खे भाऊ ॲमट्रॅककडे गेले. म्हणजे एकाच स्टेशनात एका फलाटावर सोनेरी-नारिंगी एफ-९ इंजिनांमागे एकसारखी चंदेरी गाडी, आणि पलीकडे त्याच बडच्या घराण्यातली, पण मधेच पिवळा कोच घुसलेली ॲमट्रॅक. दोन्ही शेजारी ठेवल्या की ॲमट्रॅकची सरमिसळ न सांगता कळते. एकाच कारखान्याचे डोम दोन्ही गाड्यांत लागतात, त्यामुळे खरेदीही सोपी होते.

उत्तरेकडच्या गाड्या म्हणजे एम्पायर बिल्डर आणि नॉर्थ कोस्ट हायवाथा. इथे मात्र रंगांची उधळण खरोखर होती. ग्रेट नॉर्दर्नचा ‘बिग स्काय ब्लू’, नॉर्दर्न पॅसिफिकचे दोन छटांचे हिरवे, त्यांच्या विलीनीकरणानंतरचा बर्लिंग्टन नॉर्दर्नचा गडद हिरवा-पांढरा आणि त्यांतच चंदेरी. ज्यांना रंग खेळायचेच आहेत त्यांनी मोंटाना गाठावं. आणखी एक गंमत: मिलवॉकी रोडने १९५५ पासून युनियन पॅसिफिकचाच पिवळा रंग घेतला होता. त्यामुळे शिकागोच्या यार्डात पिवळा दिसला म्हणून तो युनियन पॅसिफिकचाच असेल असं समजू नका.

शिकागोवरून आठवलं. पूर्ण गाडी फिरवायला जागा नसेल तर नुसतं कोच यार्ड करा. देशभरातल्या गाड्या तिथे येऊन धुतल्या जात, तुटत आणि नव्याने जुळत. दीड मीटर लांबीची फळी, चार-पाच समांतर मार्ग, एक शंटिंगचं इंजिन. एन स्केलमध्ये हे पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातही मावतं. रेनबोची अख्खी कथा यार्डातच घडत होती, मुख्य मार्गावर फक्त तिचा परिणाम दिसायचा.

डबे निवडताना दोन सापळे. पहिला डोमचा. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनकडे जाणाऱ्या बोगद्यांत डोम डबा शिरत नाही. डोम लावलेली गाडी न्यूयॉर्कच्या फलाटावर ठेवलीत तर जाणकार काही बोलणार नाही, पण मनात हसेल. दुसरा सँटा फेच्या हाय-लेव्हल डब्यांचा. एल कॅपिटन गाडीसाठी बडने बांधलेले हे दुमजली डबे ॲमट्रॅकला आयते मिळाले, आणि पुढे १९७९ च्या सुपरलायनरचा आराखडा त्यांच्यावरूनच निघाला. यांत एका डब्यातून दुसऱ्यात जायचं दार वरच्या मजल्यावर असतं. साध्या डब्यांशी जोडायचे तर मध्ये ‘स्टेप-डाउन’ कोच लागतो, ज्याच्या एका टोकाला आतून जिना उतरतो. तो नसेल तर प्रवासी डायनिंग कारकडे जाणार कसे? हाय-लेव्हल घेणार असाल तर हा एक डबा आधी मिळतोय का ते बघा, मग बाकीचे.

आणि लांबीचा मुद्दा, जो जवळपास कुणीच सांगत नाही. खऱ्या गाडीत रंग वेगळे होते, पण बहुतेक डब्यांची लांबी सारखीच, ८५ फूट. जुन्या बाजारात ७२ फुटी आखूड मॉडेलं ढिगाने मिळतात, स्वस्तही असतात. ती ८५ फुटीमध्ये मिसळू नका. रंगातली विसंगती डोळ्याला गोड लागते, लांबीतली खटकते. सगळेच आखूड घ्या किंवा सगळेच पूर्ण. पूर्ण लांबीचा डबा एचओमध्ये सुमारे ३० सेंटीमीटर होतो, एनमध्ये १६. सात डबे आणि दोन ई-८ म्हणजे एचओत अडीच मीटरहून थोडी जास्त गाडी, एनमध्ये साधारण १ मीटर ४०. एचओत वळणाची त्रिज्या २४ इंचांपेक्षा कमी असेल तर हे डबे रुसतात; ३० इंच किंवा जास्त दिलीत तर चालतातही आणि दिसतातही बरे. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या दहा फुटी भिंतीचा विचार करता बहुतेकांनी एन घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. एचओचा मोठा लेआउट प्रत्यक्ष कसा दिसतो हे आधी बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. तिथे ॲमट्रॅक शोधायला जाऊ नका. वळणं, चढ आणि लांबी डोळ्यांनी मोजायला जा.

गाडी आखूड करताना डब्यांच्या प्रकारांचं प्रमाण सांभाळा. सामानाचा डबा एक, डायनिंग कार एक, लाउंज किंवा डोम एक, हे ठेवायचेच. कात्री लावायची ती कोच आणि स्लीपरना. दोन-तीन कोच, एक-दोन स्लीपर बास. दोन डायनिंग कार सुंदर दिसतात म्हणून ठेवल्या आणि कोच एकच, असं केलंत तर त्या गाडीत माणसं बसणार कुठे?

आता हात काळे करायचं काम. एक डबा घेऊन बघू: दुकानातून आणलेला युनियन पॅसिफिकचा पिवळा कोच. खिडक्यांच्या वरच्या पट्टीत कंपनीचं नाव लाल अक्षरांत असतं. १९७१ साठी ते तसंच ठेवा. १९७३ साठी ते घालवायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कुठल्याही केमिस्टकडे मिळतं. कानकोरणीच्या कापसाला थोडंसं लावून एका वेळी एकच अक्षर हलक्या हाताने चोळायचं. आधी डब्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला प्रयोग करा. काही कंपन्यांचा मूळ रंगही अल्कोहोलने सुटतो. लाल रेघा जवळच असतात, त्यांच्यावर मास्किंग टेप लावून ठेवा. अक्षर निघालं तरी पुसट ठसा राहतो. तो राहू द्या. खऱ्या डब्यांवरही रंगाच्या खालून जुनं नाव डोकावायचं.

त्यावर एक आयताकृती ठिगळ रंगवायचं. इथे जुळणारा पिवळा शोधण्यात आठवडे घालवणारे लोक मला माहीत आहेत. जुळू नये हेच बरं. दहा वर्षं उन्हात उभा राहिलेला पिवळा फिकटतो, आणि डेपोतल्या माणसाने मारलेला ताजा पट्टा किंचित गडद दिसतो. ठिगळाचा रंग मूळ रंगापेक्षा अर्धी छटा गडद ठेवा. वाळल्यावर ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या, कारण खरखरीत रंगावर डिकॅल (चिकटवायची छापील अक्षरं) बसवलं तर त्याच्याखाली हवा अडकून चंदेरी धुकं दिसतं. मग ‘ॲमट्रॅक’ची अक्षरं आणि चार आकडी नंबर. चंदेरी पन्हळी डब्यावर अक्षरं लावायची तर डिकॅल मऊ करणारं द्रावण लागतंच, नाहीतर ते पन्हळींच्या शिखरांवर ताणून तंबूसारखं उभं राहतं. द्रावण लावल्यावर ते सुरकुततं. घाबरून बोट लावू नका, वाळताना आपोआप आत बसतं. शेवटी मॅट वार्निश. पण चंदेरी डब्यावर सॅटिन, मॅटने स्टेनलेस मेल्यासारखं दिसतं.

घाणीचंही तसंच, सगळ्यांना एकसारखी नको. छतावर डिझेलची काजळी, चाकांच्या बोगींवर आणि डब्याच्या खालच्या काठावर ब्रेकची तपकिरी धूळ. पण जुना रंगीत डबा मळका, चंदेरी डबा मधला आणि फेज वनचा नवा डबा जवळजवळ स्वच्छ. या तीन पायऱ्या ठेवल्या की कुठला डबा रंगशाळेतून आत्ताच आलाय हे लेबल न लावता कळतं. एखाद्या खिडकीच्या दोन काचांमधलं धुकं दाखवायला आतून मॅट वार्निशचा ठिपका पुरतो.

सरमिसळ गाडीचा यांत्रिक प्रश्न मात्र रंगांहून चिवट आहे. डबे चार कंपन्यांचे म्हणजे कपलर चार उंचींवर. चढावर गाडी मध्येच तुटते, आणि दोष इंजिनाला जातो. एचओसाठी केडीचा उंची मोजायचा गेज घ्या आणि प्रत्येक डबा त्याला लावून बघा. शक्यतो सगळ्यांना एकाच जातीचे कपलर बसवा. वजनही समान हवं. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओसाठी एक औंस अधिक लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस अशी आहे, म्हणजे पूर्ण लांबीच्या डब्याला साधारण १९५ ग्रॅम. मधला एक डबा हलका राहिला तर वळणावर तोच आत ओढला जाऊन पडतो. जुनी इटालियन बनावटीची रिवारोसी मॉडेलं घेतलीत तर चाकांची कड तपासा. ती इतकी खोल असते की कमी उंचीच्या रुळांवर खिळ्यांवर आपटत जाते. चाकं बदलून टाका. प्रवासी डब्याला ३६ इंची मापाची लागतात.

खऱ्या गाड्या कशा होत्या हे बघायला सगळ्यात चांगली खाण फुकट आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सत्तरच्या दशकात ‘डॉक्युमेरिका’ नावाचा छायाचित्र प्रकल्प राबवला होता. त्यासाठी चार्ल्स ओ’रिअर यांनी १९७४ मध्ये ॲमट्रॅकच्या गाड्यांमधून हिंडून ढिगाने रंगीत फोटो काढले. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी आठवते? ती याच माणसाने टिपलेली. या फोटोंत गाड्या बाहेरून दिसतातच, पण आतले आसनांचे रंग, डोममधले प्रवासी, गणवेश हेही दिसतात. आत दिवे लावलेल्या डब्यात माणसं बसवणार असाल तर हे सोनं आहे. एक काळजी घ्या: जुन्या स्लाइड्सचे रंग वयानुसार लालसर किंवा निळसर होतात. फोटोवरून रंग मिसळण्याआधी त्यातलं करडं काँक्रीट किंवा पांढरा सदरा बघा. तो पांढरा दिसत नसेल तर बाकीचंही खरं मानू नका. आणि प्रत्येक फोटोची तारीख टिपून ठेवा. १९७२ आणि १९७५ चे फोटो एकाच फोल्डरमध्ये गेले की गाडीही तशीच होते.

खरेदीबद्दल आपल्याकडच्यांसाठी दोन शब्द. परदेशातून पार्सल मागवलं की कस्टम ड्युटी लागते, आणि जुन्या मॉडेलांच्या बाबतीत ती डब्याच्या किमतीला लाजवते. अमेरिकेतून येणाऱ्या भावाच्या बॅगेत डबे येणं हा जुना, खात्रीचा मार्ग. त्याला सांगताना इंजिनं त्यांच्या मूळ खोक्यातच आणायला सांगा. कंट्रोलरचा अडॅप्टर फक्त ११० व्होल्टचा नाही ना, हे लेबलवर वाचल्याशिवाय भिंतीत खुपसू नका. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात एमडीएफ फुगतं. खाली मरीन प्लाय घ्या आणि रुळांच्या जोडांत बारीक फट ठेवा.

न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांना तर घराजवळच विषय आहे. एडिसनमधले कितीतरी जण रोज जिथून गाडी पकडतात ते मेट्रोपार्क स्टेशन नोव्हेंबर १९७१ मध्ये उघडलं, म्हणजे ऐन याच काळात. तेव्हा तिथून मेट्रोलायनर धावायच्या आणि पेन सेंट्रल या रेल्वे कंपनीच्या काळ्या रंगातली जीजी-१ विद्युत इंजिनं न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या गाड्या ओढायची. काटोने एन स्केलमध्ये जीजी-१ काढलंय. या मार्गावर डोम नकोत, हे आता सांगायला नको.

याच मार्गाचं दक्षिण टोक गाडी नुसती गोल फिरवण्यापेक्षा चालवायला जास्त मजेदार आहे. वॉशिंग्टन युनियन स्टेशनात विजेच्या तारा संपत, म्हणून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं इंजिन बदलायचं. एका फलाटावर फ्लोरिडाची सिल्व्हर मीटिअर, रेनबो डब्यांची. दुसऱ्यावर सदर्न क्रेसेंट. सदर्न रेल्वे १ फेब्रुवारी १९७९ पर्यंत ॲमट्रॅकच्या बाहेर होती आणि तिची हिरव्या ई-८ इंजिनांची गाडी नीटनेटकी राहिली. पण वॉशिंग्टनच्या उत्तरेला तीही जीजी-१ मागेच धावायची. चार मार्ग, दोन जीजी-१, दोन जोड्या डिझेलच्या आणि दोन गाड्या एवढ्यावर दोन माणसांना संध्याकाळभराचं काम होतं. जीजी-१ सुटून पुढच्या सायडिंगला जाईल, मागून डिझेल येईल. जीजी-१ मध्येही वाफेचा बॉयलर असायचा, त्यामुळे इंजिन सुटलं की डबे वाफेविना उभे राहत. वाफेचा पाइप आणि ब्रेकच्या नळ्या जोडायला माणूस खाली उतरतोय असं धरून डिझेलला निदान दोन मिनिटं थांबवा, आणि सिल्व्हर मीटिअरला आधी सोडा, क्रेसेंट तिच्यामागून.